‘फेलिंग विच’ म्हणजे कोण नापास?



मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपली, बायका चटया गुंडाळू लागल्या, तेवढ्यात शांतीनगरच्या बाजूने येणाऱ्या एक बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. कारखान्यात कांड्या भरण्याचे काम करतात. त्यांनी पिशवीतून चौघडी केलेला एक कागद काढला. घडीवर घडी पडून तो इतका मऊ झाला होता की उलगडताना फाटेल अशी भीती वाटावी.

“ताई, एवढं वाचून सांगा. पोरगं म्हणतंय घराला कुलूप लागणार. पोरगी म्हणतेय पोलीस येणार. मी कुणाचं ऐकू?”

कागद एका फायनान्स कंपनीच्या वकिलाचा होता. मुलाच्या रिक्षासाठी घेतलेल्या कर्जाचे तीन हप्ते थकलेले. सगळा मजकूर इंग्रजीत. मुलगी बारावी पास, घरात इंग्रजी वाचणारी तेवढीच. तिने कागदातले तीन शब्द ओळखले होते: लीगल, अॅक्शन आणि फेलिंग. एवढ्या भांडवलावर त्या घराने दोन रात्री जागून काढल्या होत्या. बाईंनी गळ्यातली सोन्याची वाटी मोडायची तयारीही केली होती.

मी ते वाक्य बोट ठेवून वाचले. वाक्य एकच, पण सहा ओळींचे. वकिलांना पूर्णविरामाचे एवढे वावडे का, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. पहिल्या चार ओळींत लिहिले होते की हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत थकलेली रक्कम भरा, किंवा शाखेत येऊन हप्ते नव्याने बांधून घ्या. त्यानंतर आले ‘फेलिंग विच’. आणि मग उरलेल्या दोन ओळींत कोर्ट, खर्च, परिणाम वगैरे. घरच्यांनी शेवटच्या दोन ओळींचाच धसका घेतला होता. आधीच्या चार ओळींतला ‘किंवा’ कोणाला दिसलाच नव्हता.

बाईंना मी समजावून सांगितले आणि त्या गेल्या. त्यांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगते. पण घरी जाताना ते दोन शब्द माझ्याबरोबर चालत होते, कारण त्यांचे नि आमच्या घराचे जुने वैर आहे.

१९८८ साल. आम्ही तेव्हा नारपोलीला एका चाळीत भाड्याने राहत होतो. वडील पॉवरलूमवर, बारा-बारा तासांची पाळी. त्या वर्षी बाजारात मंदी आली, सेठने कारखाना बंद ठेवला आणि आमचे चार महिन्यांचे भाडे थकले. एके दुपारी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. वडिलांनी मोठ्या हौसेने सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ते सही शिकले होते आणि सही करण्याची संधी कधी सोडत नसत. लिफाफा फोडला तर आत इंग्रजी कागद. चाळमालकाच्या वकिलाची नोटीस.

मी आठवीत होते. मराठी शाळा. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई, म्हणजे माझे इंग्रजीचे ते चौथे वर्ष. वडिलांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “वाच. तुला शाळेत घातली ती याच्यासाठीच.” आई, धाकटे दोन भाऊ, शेजारची मावशी, सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले.

मला ‘फेल’ ठाऊक होते. म्हणजे नापास. ‘विच’ ठाऊक होते. म्हणजे कोणता. त्या दोहोंचा अर्थ मी लावला ‘कोणता नापास होत आहे’. पुढे ‘व्हेकेट’ असा शब्द होता. पुस्तकात ‘व्हेकेशन’ म्हणजे सुट्टी असे शिकलो होतो. मी धीर करून सांगितले, “बाबा, कुणीतरी नापास झालंय आणि सुट्टीचं काहीतरी लिहिलंय.”

आज हसू येते. तेव्हा वडील हसले नाहीत. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि ओळखीच्या एका कारखान्यातल्या मेहताकडे गेले. मेहता हिशेबाच्या वह्या लिहायचा. इंग्रजी आकडे आणि पाच-पन्नास शब्द, एवढीच त्याची पुंजी. त्याने कागदावरून नजर फिरवून सांगितले, “खोली खाली करने को बोलता है, नहीं तो पुलिस.” पोलीस हा शब्द त्या कागदात कुठेही नव्हता. तो त्याने पदरचा घातला. वाईट हेतूने नव्हे. वकिलाचा कागद म्हणजे पोलीस असणारच, अशी त्याचीही समजूत.

आठव्या दिवशी आमचा संसार हातगाडीवर चढला. टेमघरला आत्याच्या झोपडीत आम्ही नऊ माणसे राहू लागलो. माझी शाळा लांब पडली, ते वर्ष बुडाले. भाड्याची का होईना, पक्क्या भिंतींची खोली आम्हाला पुन्हा मिळाली ती थेट सहा वर्षांनी.

पुढे मी नोकरीला लागले. २००३ च्या सुमारास वडिलांच्या जातीच्या दाखल्याचे कागद शोधताना लोखंडी ट्रंकेच्या तळाशी ती नोटीस सापडली. वडिलांनी ती जपून ठेवली होती, त्यांच्या सहीचा कागद म्हणून की काय! मी उभ्या उभ्या वाचली. लिहिले होते की नोटीस मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत भाड्याची बाकी २४० रुपये भरावी, किंवा खोलीचा ताबा परत द्यावा; तसे न केल्यास आमचे अशील दावा दाखल करतील. दोनशे चाळीस रुपये. आईच्या पायातल्या चांदीच्या साखळ्या गहाण टाकल्या असत्या तरी तेवढे उभे राहिले असते.

आई पाट्यावर मसाला वाटत होती. तिला मी वाचून दाखवले. वरवंटा थांबला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “म्हणजे पैसे भरले असते तर तिथंच राहता आलं असतं?”

“हो आई.”

“हे तुझ्या बापाला सांगू नको.”

मी सांगितले नाही. आता दोघेही हयात नाहीत म्हणून लिहिते आहे.

तर हे ‘फेलिंग विच’ काय प्रकरण आहे? यात कोणी नापास होत नाही. ‘फेल’ म्हणजे इथे न घडणे, चुकणे. ‘विच’ म्हणजे ‘जे’. म्हणजे आधी जे सांगितले ते न घडल्यास. आपल्या मराठी नोटिशीत ‘तसे न केल्यास’ असते ना, तेच. हे दोन शब्द वाक्याच्या मध्यावर बसलेले असतात. त्यांच्या अलीकडे तुम्ही काय करायचे ते असते आणि पलीकडे ते काय करणार ते असते. भ्यालेला माणूस उडी मारून पलीकडे जातो. अलीकडे काय लिहिले आहे, किती दिवस दिले आहेत, एकच गोष्ट करायला सांगितली आहे की दोनांपैकी एक, हे तो वाचतच नाही. आमच्या बाबतीत तर वाचणाऱ्यालाच वाचता आले नाही.

या जातीचे शब्द इंग्रजीत बरेच आहेत, पण घाबरण्यासारखे त्यांत फार थोडे. ‘अदरवाइज’ घ्या. ‘अदर’ म्हणजे दुसरा आणि ‘वाइज’ म्हणजे जुन्या इंग्रजीत रीत, प्रकार. शहाणा या अर्थाचा ‘वाइज’ तो वेगळा. दुसऱ्या रीतीने. आणि आपले ‘अन्यथा’? ‘अन्य’ म्हणजे दुसरे, ‘था’ हा रीत दाखवणारा प्रत्यय. म्हणजे लंडनच्या वकिलाने आणि मंत्रालयातल्या कारकुनाने एकमेकांना न विचारता एकच शब्द घडवला. आपल्या भिवंडीत तर ही गंमत नाक्यानाक्यावर ऐकू येते. आपण म्हणतो नाहीतर, म्हणजे ‘नाही, तर’. कारखान्यात सेठ म्हणतो वरना. ते मूळ फारसी, ‘व अगर ना’, आणि जर नाही. पद्मानगरात तेलुगू विणकरांच्या घरी म्हणतात लेकपोते, नसेल तर. चार भाषांत माणसे एकमेकांना दम देतात, पण सगळीकडे आत ‘तर’ दडलेलाच आहे. जिथे ‘तर’ आहे तिथे अट आहे, आणि अट पाळली तर पुढचे संकट टळते.

आता ‘ऑर एल्स’. हा शब्द वकिलाच्या कागदात असा उघडा सहसा सापडत नाही. तो तोंडी. इंग्रजी सिनेमात गुंड म्हणतो, पैसे आण, ऑर एल्स! पुढे काहीच नाही. वाक्य अर्धे सोडून दिलेले. आपल्याकडे याला जोड आहे ‘नाहीतर बघ!’ आपण आया तर यात तरबेज. “अभ्यासाला बस, नाहीतर बघ.” काय बघायचे ते पोराने आपल्या मनाने भरून घ्यायचे. न सांगितलेली शिक्षा नेहमी सांगितलेल्या शिक्षेपेक्षा मोठी वाटते. पोरे लहान असतात तोवर हे चालते. पुढे तीच आपल्याला “काय बघू?” म्हणून विचारतात आणि आपले भांडवल संपते. पण थोरामोठ्यांच्या व्यवहारात कोणी तुम्हाला अर्धे वाक्य टाकून गेला, तर समजावे की पुढचा अर्धा भाग त्याला कागदावर लिहिता येण्यासारखा नाही.

हा फरक कायद्यानेही मानला आहे. “पैसे दे, नाहीतर कोर्टात जाईन” असे म्हणणे हा गुन्हा नाही. कोर्टात जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि हक्क बजावीन म्हणणे ही धमकी ठरत नाही. “पैसे दे, नाहीतर तंगडी तोडीन, पोरीला उचलून नेईन, वस्तीत बदनामी करीन” हा मात्र फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ५०३ आणि ५०६ त्यासाठी होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ते कलम ३५१ झाले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही. जिवे मारण्याची अथवा जबर दुखापतीची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत. आणि नाव लपवून धमकी दिली तर त्यावर आणखी दोन वर्षांपर्यंत. तेव्हा वसुलीवाला दारात काय बोलला ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. तारीख, वेळ, कोण हजर होते, सगळे. ‘खूप घाण बोलला’ एवढे लिहून पोलीस ठाण्यात उपयोग होत नाही.

वसुलीवाल्यांनाही घड्याळ लावून दिलेले आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सांगितले की कर्जवसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. गटाने बायकांना मिळणारी जी छोटी कर्जे असतात, त्यांना तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एवढीच मुभा. रात्री दहाला दारात उभा राहून जो ‘नाहीतर’ म्हणतो, तो स्वतःच नियम मोडून बसलेला असतो.

नोटिशीतल्या आणखी दोन-तीन शब्दांची ओळख करून घेऊ. ‘मे’ आणि ‘शॅल’. ‘मे’ म्हणजे करू शकतात, ‘शॅल’ म्हणजे करतील किंवा केलेच पाहिजे. कागदात जिथे ‘मे’ आहे तिथे अजून बोलायला जागा आहे. ‘लायेबल टू’ याचा अर्थ पात्र. ‘लायेबल टू डिस्कनेक्शन’ म्हणजे वीज तोडण्यास पात्र. उद्या तोडणारच असा त्याचा अर्थ होत नाही. ‘कन्स्ट्रेन्ड’ हा वकिलांचा आवडता शब्द. ‘आमच्या अशिलाला असे करणे भाग पडेल.’ जसे काही आपणच त्यांच्या मानगुटीवर बसलो आहोत! आणि ‘शो कॉज’. त्याला सरकारी मराठीत कारणे दाखवा नोटीस म्हणतात. नोकरीतल्या माणसाला ती आली की घरात सुतक असल्यासारखे होते. पण त्या नोटिशीत विचारलेले असते की तुमच्यावर कारवाई का करू नये. म्हणजे निर्णय अजून व्हायचा आहे, आणि तुमची बाजू मांडायची ती वेळ आहे. उत्तर न देणारा माणूस ती वेळ हातची घालवतो.

‘ऑर’ म्हणजे किंवा, हा एवढासा शब्द. रेल्वेच्या डब्यातली लाल साखळी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. भिवंडी रोडला दिवा-वसईची गाडी पकडणाऱ्यांना तर ती पाठ असेल. विनाकारण ओढल्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड आणि/किंवा एक वर्षापर्यंत कैद. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे ते कलम १४१. इंग्रजीत ‘अँड’ आणि ‘ऑर’ यांच्यामध्ये तिरकी रेघ. त्या रेघेचा अर्थ असा की दंड होईल, नाहीतर कैद होईल, नाहीतर दोन्ही. यांतले काय ते न्यायाधीश ठरवणार. हा ‘किंवा’ त्यांचा. आपल्या पत्रातला ‘किंवा’ मात्र पुष्कळदा आपला असतो. निवडायचे आपण.

याचे एक चांगले उदाहरण विजेच्या कायद्यात आहे आणि ते भिवंडीत प्रत्येक घराला ठाऊक असले पाहिजे. आपल्याकडे वीज हा नेहमीचा वादाचा विषय. २००७ साली वीजवाटपाचे काम महावितरणकडून टोरेंट पॉवर या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून गेले, तेव्हापासून तर चहाच्या टपरीवरही दुसरी चर्चा नसे. कंपनी कोणतीही असो, कायदा एकच. वीज कायदा २००३, कलम ५६. बिल थकले म्हणून वीज तोडायची असेल तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाची रक्कमच तुम्हाला मान्य नसेल, तर? तिथे कायद्याने दोन आकडे सांगितले आहेत. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरायची. इंग्रजीत त्याला ‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणतात. तशी भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. एका खोलीच्या घराला अचानक अठरा हजारांचे बिल आले की माणूस एक तर कर्ज काढून भरतो, नाहीतर आकडा टाकतो. आकडा टाकला की बरोबर असलेला माणूस चोर ठरतो. या दोहोंमधली जी वाट कायद्याने ठेवली आहे, ती ‘ऑर’ या दोन इंग्रजी अक्षरांत आहे.

हे पंधरा दिवस ठाऊक असले तर आणखी एक फायदा. २०२२ साली महाराष्ट्रभर लोकांच्या मोबाइलवर इंग्रजी संदेश फिरत होते की मागच्या महिन्याचे बिल नोंदलेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, ताबडतोब या नंबरवर बोला. पुष्कळांनी बोलून पैसे घालवले. खरी नोटीस दिवस मोजते, खोटी नोटीस तास मोजते. पुढे तर चोरांनी ‘डिजिटल अरेस्ट’ काढली. फोनवर पोलिसाचा गणवेश दाखवायचा आणि पैसे भरा नाहीतर अटक म्हणायचे. अशी अटक कायद्यात कुठेही नाही. असा फोन आला तर ठेवून द्यावा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या नंबरवर कळवावे.

एवढे वाचून कोणी असे समजू नये की प्रत्येक ‘अन्यथा’ पोकळ असतो. भाड्याचा जुना कायदा जाऊन ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात थकबाकीची नोटीस दिल्यावर मालकाला दाव्यासाठी नव्वद दिवस थांबावे लागते. १९४७ च्या कायद्यात एक महिना होता. पण नव्वद दिवस झोपून काढले तर एक्याण्णव्या दिवशी दावा लागतोच. मालकाने भाडे घेण्यास नकार दिला तर मनिऑर्डरने पाठवावे आणि पावती जपावी.

आणि दुसरा एक ‘अन्यथा’ आपण पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी बघतो. धोकादायक इमारतीच्या भिंतीवर महापालिकेचा कागद, इमारत रिकामी करा, अन्यथा होणाऱ्या हानीस आपण जबाबदार. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. झोपेतली चाळीसच्या आसपास माणसे गेली. आपल्यापैकी कित्येकजण त्या दिवशी ढिगाऱ्यापाशी जाऊन आले आहेत. मराठीत धमकी आणि इशारा हे दोन शब्द वेगळे आहेत ते बरे आहे. धमकीत सांगणारा स्वतः नुकसान करणार असतो. इशाऱ्यात भिंत पडणार असते, आणि भिंतीला आपण मनिऑर्डर पाठवू शकत नाही. तिथे निघावेच लागते. मात्र असा कागद चिकटवणाऱ्यांना मला एक विचारायचे आहे. ‘रिकामी करा अन्यथा’ या वाक्यात माणसे जाणार कुठे, हे का नसते? ज्याला दुसरे छप्पर नाही त्याच्यासाठी त्या वाक्यात ‘किंवा’ कुठे आहे?

कागद कळत नसेल तर कोणाकडे जावे, असे बाया नेहमी विचारतात. मेहताकडे जाऊ नये, हे आमच्या घरावरून कळले असेलच. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने तिथे काही लोकांना वकील फुकट मिळतो, आणि त्या यादीत आपण तीन-तीन दारांनी आत जातो. स्त्री असाल तर उत्पन्न विचारले जात नाही. अनुसूचित जातीचा दाखला असेल तरी विचारले जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही तो हक्क मिळाला आहे. औद्योगिक कामगार असाल तरीही मिळतो. फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे. आणि तुमच्या वस्तीत इंग्रजी वाचणारी पोर असेल तर तिला एवढेच सांगा की कागद पहिल्या ओळीपासून वाच, न कळलेला शब्द न कळला म्हणून सांग. मी आठवीत ‘मला कळत नाही’ असे म्हणाले असते, तर वडील कदाचित एखाद्या वकिलाकडे गेले असते. पण नऊ डोळे माझ्याकडे लागले होते (मावशीला एकाच डोळ्याने दिसे), आणि मला लाज वाटली.

खालच्या कोर्टांची भाषा मराठी करावी असा आदेश राज्य सरकारने १९९८ साली काढला. तरी वकिलाची पत्रे अजून इंग्रजीतच येतात. का, ते उघड आहे. मराठीत लिहिले तर समोरचा पहिल्या चार ओळीही वाचेल.

आता त्या बाईंचे. त्या दिवशी विहारात मी विचारले, “पत्र हातात कधी पडलं?” म्हणाल्या, “गुरुवारी असेल, नाहीतर शुक्रवारी.” पंधरा दिवस कुठून मोजायचे, यासाठी तो एक दिवसही महत्त्वाचा. “लिफाफा आणा,” म्हटले. लिफाफा पोराने रागाने फाडून टाकला होता. संध्याकाळी मुलगी माझ्या घरी आली. तिने कचऱ्याच्या डब्यातून तुकडे शोधून, वहीच्या पानावर चिकटवून आणले होते. टपालाचा शिक्का अर्धा दिसत होता, पण तारीख स्पष्ट होती. पत्र गुरुवारचेच. आम्ही दोघींनी कॅलेंडर खाली काढले आणि पंधरा चौकटींवर पेन्सिलीने खुणा केल्या.

नवव्या दिवशी मायलेकी शाखेत गेल्या. जाताना मुलीने मराठीत एक अर्ज लिहून नेला, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. साहेब आधी म्हणाले की असे काही होत नसते. मुलीने नोटिशीतली चौथी ओळ त्यांना वाचून दाखवली. थकलेले तीन हप्ते पुढच्या बारा महिन्यांत वाटून घ्यायचे ठरले. पहिला वाढीव हप्ता येत्या दहा तारखेला आहे. गळ्यातली वाटी अजून गळ्यात आहे, आणि ते वहीचे पान मुलीने ट्रंकेत ठेवले आहे.